हाफकिनची उरलेली गोष्ट

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा समितीचा निरोप आला तेव्हा मी शाळेच्या आठवणीच लिहायला बसले होते. पण मधल्या सुट्टीतला वडापाव, पावसाळ्यात रुळांवर पाणी आलं की अर्ध्या दिवसात सुटणारी शाळा, गॅदरिंगला ऐनवेळी बंद पडलेला टेपरेकॉर्डर हे सगळं आपल्या ग्रुपवर इतक्यांदा लिहून झालंय, की त्यात माझ्याकडून भर पडण्यासारखं काही नाही. म्हणून आपल्या भागातल्या एका माणसाबद्दल लिहिते. त्याचं नाव आपण सगळ्यांनी लहानपणापासून ऐकलंय, पण संस्थेचं म्हणून. वाल्डेमार हाफकिन.

मला त्याची गोष्ट पहिल्यांदा सांगितली आपल्या विज्ञानाच्या बाईंनी, आणि तीही वर्गात नाही, कौलाबंदरच्या गल्लीत. डिसेंबर १९९५. आपण दहावीत होतो आणि पल्स पोलिओची पहिलीच मोहीम होती. बाईंना त्या कामाची ड्यूटी लागली होती. मी आणि आणखी दोघी वही धरायला म्हणून त्यांच्याबरोबर गेलो होतो. दोन-चार घरांत आयांनी दार लोटून घेतलं. हे थेंब पाजले की मुलं पुढे निपुत्रिक होतात, असं कुणीतरी पसरवलं होतं. बाई वाद घालत बसल्या नाहीत. ओट्यावर बसल्या आणि गोष्ट सांगायला लागल्या. शंभर वर्षांपूर्वी इथे गाठीचा ताप आला होता, माणसं पटापट मरत होती. एका साहेबाने त्यावर लस केली, आणि पहिली सुई दुसऱ्या कुणाला न टोचता स्वतःला टोचून घेतली. एवढं सांगून बाईंनी कडेवरच्या आपल्या धाकट्याच्या तोंडात दोन थेंब टाकले. मग दारं उघडली.

ती गोष्ट तिथेच संपते, असं मी पुढची कितीतरी वर्षं समजत होते.

हाफकिनचा जन्म १८६० सालचा, ओडेसाचा. तेव्हा ते रशियन साम्राज्यात होतं, आता युक्रेनमध्ये आहे. घर ज्यू. तिथल्या विद्यापीठात तो प्राणिशास्त्र शिकला, आणि शिकवायला होते मेचनिकॉव्ह, ज्यांना पुढे नोबेल मिळालं. ज्यूंवर हल्ले होत त्या काळात तो आपल्या लोकांच्या संरक्षणाला उभा राहिला, त्यात जखमी झाला, अटकही झाली. विद्यापीठात पुढे चढायचं तर धर्म बदल, अशी अट होती. त्याने नकार दिला. हुशारी होती, गुरूचा आधार होता, पण दार बंद झालं. १८८८मध्ये देश सोडून तो आधी जिनीव्हाला गेला आणि मग पॅरिसला, पाश्चर संस्थेत. तिथे संशोधकाची जागा रिकामी नव्हती. ग्रंथालयात साहाय्यकाची होती, ती त्याने घेतली. पुस्तकं सांभाळायची आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत पटकीच्या जंतूंवर काम करायचं.

१८ जुलै १८९२ रोजी त्याने आपली पटकीची लस स्वतःला टोचून घेतली. ताप आला, उतरला. मग ती लस खऱ्या साथीत वापरून पाहायला तो १८९३मध्ये हिंदुस्थानात आला. इथल्या सरकारी वैद्यकीय खात्याला तो पहिल्यापासून खटकत होता. एक तर रशियन, म्हणजे हेर असायचा. दुसरं म्हणजे डॉक्टर नाही, नुसता प्राणिशास्त्रज्ञ. त्याने कलकत्त्याच्या वस्त्यांत, पाण्याच्या तळ्यांकाठी काम सुरू केलं. सुरुवातीला लोकांनी दगड मारले, आणि त्याच्याबरोबरच्या बंगाली डॉक्टरांनी लोकांसमोर टोचून घेतलं तेव्हा कुठे गर्दी शांत झाली, असं सांगतात. कट्टलबागान नावाच्या एका वस्तीत ११६ जणांनी लस घेतली. त्यानंतर तिथे पटकीचे जे नवे रुग्ण निघाले ते सगळे न टोचलेल्यांतले होते. एकाच वस्तीत, एकच पाणी पिणारे टोचलेले आणि न टोचलेले लोक शेजारी शेजारी ठेवून मोजायचे, ही त्याची पद्धत. आज आम्ही सॉफ्टवेअरमध्ये नवी गोष्ट निम्म्या लोकांना देऊन तुलना करतो, त्याची ही फार जुनी बहीण.

सप्टेंबर १८९६मध्ये मांडवीला डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला. मांडवी म्हणजे गोद्यांच्या शेजारची, धान्याच्या गोदामांची वस्ती. उंदीर आधी मेले, मग माणसं. सरकारने हाफकिनला कलकत्त्याहून बोलावलं आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तो मुंबईत पोचला. ग्रँट मेडिकल कॉलेजने त्याला एक खोली आणि एक व्हरांडा दिला, हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. प्रयोगशाळा म्हणतात ती एवढीच.

त्या खोलीत जे झालं ते मला इंजिनिअर म्हणून फार आवडतं. प्लेगचे जंतू भरपूर वाढवायचे तर त्यांना खाऊ घालायला मांसाचा रस्सा लागतो. गाईचं मांस घेतलं तर हिंदू लस घेणार नाहीत, डुकराचं घेतलं तर मुसलमान घेणार नाहीत. त्याने बोकडाचं मटण घेतलं. जंतूंना लटकायला आधार हवा होता, त्यासाठी रश्श्यावर तूप तरंगत ठेवलं. आपल्या स्वयंपाकघरातलं साधं तूप. तुपाच्या थेंबांना धरून जंतू खाली लोंबायला लागत. चंबू हलवला की ते तळाला बसत आणि वर नवे वाढत. पुरेसे झाले की उष्णता देऊन मारायचे, वर थोडं कार्बोलिक ॲसिड घालायचं, की झाली लस. म्हणजे ज्याला टोचायची त्याचा धर्म, त्याची किळस, त्याची भीती यांचा विचार त्याने औषध तयार झाल्यावर केला नाही. चंबूत पहिला पदार्थ घालतानाच केला. गरजू माणसापर्यंत वस्तू पोचावी, त्याला ती वापरता यावी, यासाठी आमच्या धंद्यात हल्ली नियम आहेत, तपासण्या आहेत. तरी तो विचार आम्ही बहुतेक वेळा शेवटच्या आठवड्यात करतो.

तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिनने ती स्वतःला टोचून घेतली, पुढे लोकांना देणार होता त्यापेक्षा कितीतरी मोठ्या मात्रेत. अंग फणफणलं, दुखणं आलं आणि गेलं. त्याच महिन्याच्या शेवटी भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. आपल्या स्टेशनापासून चालत जाता येईल असा हा तुरुंग, आपल्यापैकी काहीजण रोज त्याच्या भिंतीवरून शाळेत यायचे. तीनशेहून थोडे जास्त कैदी, त्यातल्या जवळपास निम्म्यांनी स्वखुशीने लस घेतली. त्यानंतरच्या दिवसांत न टोचलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला आणि ६ दगावले. टोचलेल्यांपैकी दोघांना झाला आणि दोघेही वाचले. अन्न एक, पाणी एक, छप्पर एक. शंका घ्यायला फारशी जागा उरली नाही.

पण शहर आकड्यांवर चालत नव्हतं, अफवांवर चालत होतं. इस्पितळात नेऊन माणसांचं तेल काढतात, मोमियाई करतात, असं घरोघरी बोललं जात होतं. ऑक्टोबर १८९६मध्ये गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला होता. हेच आजचं कस्तुरबा. लाखो लोक गाठोडी बांधून कोकणात, घाटावर निघून गेले. फेब्रुवारी १८९७मध्ये साथीच्या रोगांचा कायदा आला आणि घरात शिरून तपासण्या, सामान जाळणं, बायाबापड्यांना ओढून नेणं सुरू झालं. त्यात पुण्यात काय झालं, २२ जून १८९७ला रँडचा वध कसा झाला, हे आपण इतिहासाच्या तासाला शिकलोय. पण त्याच पुण्यात त्याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाई प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना गेल्या, हेही त्याच्या शेजारी ठेवून पाहावं. साथ एकच. एकीकडे सोजिरांच्या बुटांनी दार उघडणारे होते, आणि दुसरीकडे आजारी पोराला पाठीवर घेणारी बाई होती.

हाफकिन बुटांच्या बाजूचा नव्हता. लस सक्तीची करू नये, लोकांनी पाहून, समजून घ्यावी, असं त्याचं म्हणणं होतं. आगाखानांनी स्वतः लोकांसमोर टोचून घेतलं, आपलं खुशरू लॉज कामासाठी दिलं, आणि खोजा समाजातल्या हजारो लोकांनी रांगा लावल्या. एका माणसाने टोचून घेतलेलं शेजाऱ्याने पाहिलं, त्याने घरी जाऊन सांगितलं, अशी लस शहरभर पसरली. बाईंनी कौलाबंदरला केलं ते याहून वेगळं नव्हतं.

१८९९मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. ही वास्तू रिकामी का पडली होती? १८८२ साली गव्हर्नर फर्ग्युसन यांची पत्नी तिथे पटकीने वारली, आणि त्यानंतर गव्हर्नर तिथे राहिनासे झाले. पटकीने ओसाड केलेलं घर पटकीवर लस काढणाऱ्याच्या हाती आलं. आठवीत आपली सहल गेली होती तीच ही जागा. साप बघून आपण ओरडलो आणि दगडी जिन्यावर बसून डबे खाल्ले. त्या जिन्यावरून कोण खाली उतरून गेला, हे कुणी आपल्याला सांगितलं नाही.

ते आता सांगते.

१९०२ साली पंजाबात प्लेगने हाहाकार केला होता. लाखो मात्रा हव्या होत्या, त्याही ताबडतोब. परळला रात्रंदिवस काम चाललं होतं, आणि लस लवकर व्हावी म्हणून कार्बोलिक ॲसिड गाळून फक्त उष्णतेने जंतू मारण्याची नवी पद्धत घेतली होती. ३० ऑक्टोबरला मुल्कोवाल नावाच्या गावात १०७ लोकांना टोचलं. आठवड्याभरात त्यातले १९ जण धनुर्वाताने आजारी पडले आणि सगळे गेले. सगळ्यांना एकाच बाटलीतली लस मिळाली होती. बाटलीचा क्रमांक ५३ एन. बाकीच्या बाटल्यांतून टोचलेल्यांना काही झालं नव्हतं.

सरकारने चौकशी समिती नेमली. बाटली मुल्कोवालला उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळलाच दूषित झाली असावी, असा ठपका आला, आणि नव्या पद्धतीकडे बोट दाखवलं गेलं. हाफकिनला संचालकपदावरून दूर केलं. डॉक्टर नसलेल्या परक्या माणसाला एवढी मोठी संस्था दिलीच कशी, असं म्हणणारे आधीपासून होतेच. १९०४मध्ये तो इंग्लंडला गेला. ज्याची लस लाखो लोकांच्या दंडात गेली होती, त्याच्या हाताला काम नव्हतं.

इथे मला माझी गोष्ट सांगावी लागेल, कारण हाफकिनचा हा उरलेला भाग मी ज्या रात्री पहिल्यांदा वाचला त्या रात्री मला झोप लागली नाही.

काही वर्षांपूर्वी आमचा गट रुग्णांच्या औषधनोंदींचं सॉफ्टवेअर करत होता आणि मी गटप्रमुख होते. एका रात्री आम्ही नवी आवृत्ती चढवली. सकाळी काही नोंदींत औषधाची मात्रा चुकीच्या एककात दिसू लागली, मिलिग्रॅमच्या जागी ग्रॅम. एका सिस्टरच्या लक्षात आलं म्हणून कुणाच्या जिवावर बेतलं नाही. संध्याकाळपर्यंत कारणासहित अहवाल हवा होता. शेवटचा बदल ज्याने केला होता तो आमच्यातला सगळ्यात नवा मुलगा. वर्ष-दीड वर्षाचा अनुभव, स्वभावाने भिडस्त. मी अहवालात त्याचं नाव लिहिलं. खोटं नव्हतं ते, शेवटचा हात त्याचाच होता. महिन्याभरात त्याने राजीनामा दिला. त्यानंतर पुन्हा खोलात गेले तेव्हा दिसलं, की चूक एका जुन्या तक्त्यात होती. दोन वर्षांपूर्वी तो तक्ता तपासून मंजूर केला होता मीच. त्याच्या बदलाने ती नुसती उघडी पडली. मी तक्ता दुरुस्त केला. अहवाल दुरुस्त केला नाही. मुलगा गेलाच होता, आता कशाला, असं स्वतःला समजावलं.

हाफकिनच्या बाजूने मात्र माणसं उभी राहिली. लंडनच्या लिस्टर संस्थेत पुरावे पुन्हा तपासले गेले. मुल्कोवालला बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो नीट निर्जंतुक न करता, कार्बोलिकच्या पाण्यात नुसता बुडवून त्याच चिमट्याने बाटलीचं बूच काढलं गेलं होतं. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. शिवाय बाटली परळपासूनच नासलेली असती तर उघडताना तिला घाण वास आला असता, तो आला नव्हता. मलेरिया डासांमुळे पसरतो याचा शोध लावणाऱ्या रोनाल्ड रॉसने हे प्रकरण लावून धरलं. जुलै १९०७मध्ये त्याच्यासह दहा शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्र छापलं, आणि त्याच वर्षाअखेर हाफकिनवरचा डाग पुसला गेला.

तो परत आला, पण परळला नाही. मुंबईची जागा आता दुसऱ्याकडे होती. कलकत्त्याला त्याला संशोधनाचं काम मिळालं, मात्र माणसांवर लशीची चाचणी करण्याची मोकळीक मिळाली नाही. ज्या गोष्टीत त्याचा हात कुणी धरू शकत नव्हतं तीच काढून घेतली. ५५व्या वर्षी तो निवृत्त होऊन युरोपात गेला. लग्न केलं नव्हतं. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमध्ये लोझानला वारला. त्याआधी पाच वर्षं, १९२५मध्ये, परळच्या प्रयोगशाळेला त्याचं नाव दिलं गेलं होतं. तोपर्यंत तिथून प्लेगच्या लशीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर गेल्या होत्या.

निर्दोष सुटला, म्हणून पुस्तकं इथे थांबतात. माझं मन थांबत नाही. कारण दोष हाफकिनकडून उचलला आणि ठेवला कुठे? चिमटा पाडणाऱ्या मदतनिसाच्या हातावर. फक्त हात बदलला. थंडीचे दिवस तोंडावर आलेले, गावात शेकडो लोक रांगेत, मातीची जमीन, वरून घाई करा असे हुकूम. तिथे चिमटा पडणारच होता, आज नाही तर उद्या. पडलेला चिमटा पुन्हा वापरताच येऊ नये, अशी व्यवस्था कुणी केली नव्हती. आणि समजा चुकून वापरला, तरी आत शिरलेला जंतू थोपवायला जे कार्बोलिक होतं, ते घाईसाठी काढून टाकलं होतं. म्हणजे परळलाही थोडं उत्तर द्यायचं होतंच. हाफकिनबद्दलचा माझा आदर याने कणभर कमी होत नाही. उलट तो मला जवळचा वाटू लागला. जंतूंपासून माणसांपर्यंत सगळ्याचा विचार करणारा माणूससुद्धा घाईत एक खिळा ढिला ठेवतो. त्या १९ जणांची नावं मला कुठल्याच पुस्तकात सापडली नाहीत. चिमट्याचं वर्णन मात्र सगळीकडे आहे.

मित्रमैत्रिणींनो, हे सगळं तुम्हाला का सांगितलं? कारण बाईंनी आपल्याला अर्धी गोष्ट सांगितली होती आणि ती त्या दिवशी पुरेशी होती. कौलाबंदरच्या आईला दार उघडायला धीर हवा होता. पण आता आपण पंचेचाळिशीला आलो. कुणी हॉस्पिटलात आहे, कुणी बँकेत, कुणी पोर्ट ट्रस्टमध्ये, कुणी शाळेत शिकवतंय. आपल्या हाताखाली माणसं आहेत, आणि अहवाल लिहिणारे आता आपण आहोत. उरलेली अर्धी गोष्ट या वयाची आहे.

हा लेख लिहायला घेतला त्या आठवड्यात मी त्या मुलाचा पत्ता मिळवून त्याला पत्र पाठवलं. तक्त्याचं सगळं खरं लिहिलं, आणि जुन्या कंपनीलाही दुरुस्त अहवाल पाठवला. तिथून पोचपावती आली. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही, आणि ते यावं असा माझा हक्कही नाही.

मेळाव्याला बाई येणार आहेत, असं कळलं. बाई, त्या दिवशी तुमच्या कडेवर असलेला धाकटा आता तिशीचा असेल. त्यालाही घेऊन या. आणि वेळ असेल तर आपण सगळे परळला जाऊ. सापांसाठी नाही. त्या जिन्यावर थोडा वेळ बसू.

(दहावी अ, १९९६)